सतरा नंबरवरचा रुमाल

७ एप्रिल, सोमवार. पहाटे ५.४०

ही वही कोणी वाचायची नाही. विशेषतः घरातल्यांनी. कपाटात जुन्या युनिफॉर्मखाली ठेवत जाईन.

परिस्थिती अशी. वय ४४. सतरा वर्षं फौजेत, त्यातली चौदा स्टोअरला क्लार्क. हवालदार म्हणून रिटायर. माजी सैनिकाला वयाची सवलत असते, तीही यंदा संपते. म्हणजे राज्यसेवेच्या परीक्षेची ही शेवटची संधी. पेपर १५ जूनला. हातात एकोणसत्तर दिवस, रोज दहा तास, म्हणजे सहाशे नव्वद तास. एवढ्यात माणूस कलेक्टर होईल. मला फक्त तहसीलदार व्हायचंय. वडूजच्या पाहुण्यांना सांगूनही झालंय.

शिवांजली, आमची मुलगी, बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला एमएस्सीला पुण्याला जायचंय, त्याची प्रवेश परीक्षा जूनअखेरीस. काल जेवताना सांगून टाकलं, आधी माझा निकाल, मग पुण्याचं बघू. एका वेळी दोन आघाड्या उघडायच्या नसतात. क्रांती म्हणाली, आवं, तुमचा निकाल लागंस्तवर तिथली ॲडमिशनं संपत्यात. बायकोला स्ट्रॅटेजी कळत नाही. मग म्हणाली, निदान टेबल तरी द्या पोरीला, खाटंवर बसून मान मोडली तिची. टेबलावर माझे नकाशे आहेत. ते कुठे ठेवू?

शिवांजलीने ताट उचललं आणि खाटेवर जाऊन वही उघडली. पोरगी शिस्तीची आहे.

८ एप्रिल, मंगळवार

साताऱ्यातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बाहेरचा वाचक म्हणून कार्ड मिळालं. तिथे नवीन पद्धत आली आहे. खुर्चीवर नुसतं जाऊन बसता येत नाही. सकाळी सहाला मोबाइलवर बुकिंग उघडतं. साठ खुर्च्या, परीक्षेच्या दिवसांत मिनिटभरात फुल. नऊला पोहोचायचं आणि टेबलावरचा कोड मोबाइलने स्कॅन करायचा. सव्वानऊपर्यंत स्कॅन नाही झालं की खुर्ची सुटली, मग कोणीही घ्यावी. चहाला उठताना ‘ब्रेक’ दाबायचं, अर्ध्या तासात परत यायचं, नाहीतर खुर्ची सुटली. दारात मोठा स्क्रीन आहे. खुर्ची भरली की लाल, बुक असून माणूस आला नाही तर पिवळी, मोकळी असेल तर हिरवी. नाव दिसत नाही, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि बसल्याची वेळ तेवढी दिसते.

हे सगळं राजरत्न सरांनी समजावलं. सहायक ग्रंथपाल. वय पस्तीसच्या आसपास, आवाज शांत. फारच शांत. इतका शांत माणूस स्टोअरमध्ये असता तर मी त्याचं कपाट आधी तपासलं असतं.

रेकी केली. सतरा नंबर सर्वोत्तम. खिडकी डावीकडे, पंखा डोक्यावर, पाठीमागे भिंत. मागून हल्ला अशक्य.

१० एप्रिल, गुरुवार

सतरा नंबर मिळाला. बुकिंगचं बटण शिवांजली दाबते, कारण माझ्या बोटाला ते पटकन सापडत नाही. पण नियोजन माझं. ती सहाला पाच कमी असताना माझा फोन घेऊन बसते. तिला स्वतःला आज खुर्ची मिळाली नाही म्हणे, माझी होईपर्यंत फुल झालं. मी म्हणालो, लवकर उठत जा.

८.५० ला पोहोचलो. खुर्चीवर रुमाल टाकला आणि चहाला गेलो.

रुमालाबद्दल थोडं लिहून ठेवतो. वडूजच्या स्टँडवर गाडी लागायच्या आत पळत्या एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. रुमाल पडला की सीट आपली. मग पाटील येऊ दे नाहीतर फौजदार, रुमालावर कोणी बसत नाही. सगळा महाराष्ट्र या कायद्यावर चालतो.

टपरीवर बिरदेव भेटला. कुंडलचं पोरगं, पोलीस भरतीची तयारी करतंय. चांगलं आहे, माझं ऐकून घेतं. त्याला एक जुनी पोस्टिंग सांगत होतो. परत आलो तर सतरा नंबर लाल. खुर्चीवर कोणाचं तरी पुस्तक आणि पाण्याची बाटली. माणूस जागेवर नाही. रुमालही नाही.

स्क्रीनवर आकडे: ४४७१.

राजरत्न सरांकडे गेलो. म्हणाले, तुम्ही स्कॅन केलं नव्हतं. मी म्हणालो, रुमाल टाकला होता. ते म्हणाले, सिस्टिमला रुमाल दिसत नाही. हसले नाहीत. याची नोंद घेतली आहे.

अभ्यास: शून्य तास. उद्यापासून अकरा तास.

१७ एप्रिल, गुरुवार

पाच दिवसांत चार वेळा सतरा गेला. चारही वेळा ४४७१. चारही वेळा ९.१६ ला. एक मिनिटही मागेपुढे नाही. मी चहाला कधी जातो, किती वेळ बसतो, हे त्याला ठाऊक आहे. म्हणजे माझ्यावर पाळत आहे.

संशयित एक: राजरत्न सर. हातात सगळी सिस्टिम.
संशयित दोन: बिरदेव. चहाला नेमकं मलाच का थांबवतो? तसं बोलत मीच असतो, पण ऐकतो तो.

आता बिरदेवसमोर अभ्यासाचं बोलायचं नाही. फक्त पोस्टिंगचं.

२१ एप्रिल, सोमवार

विचित्र प्रकार. गुरुवारी खुर्चीवरून गायब झालेला निळ्या काठाचा रुमाल आज कपाटात सापडला. धुतलेला, इस्त्री केलेला. क्रांतीला विचारलं. म्हणाली, मला काय म्हाईत, शिवांजली करती इस्त्री.

विचार केला. फौजेच्या कँटीनमधून डझनभर एकसारखे घेतले होते. तेव्हा हा दुसरा असणार. विषय बंद.

२८ एप्रिल, सोमवार

मास्टरस्ट्रोक. शनिवारी टेबलावरच्या कोडचा फोटो काढून आणला. आज घरीच अंथरुणात ९.०२ ला तो फोटो स्कॅन केला. जागा धरली की सावकाश जायचं. फौजेत याला ॲडव्हान्स पार्टी म्हणतात.

फोनवर आलं की ग्रंथालयाच्या वायफायमध्ये नसल्याने हजेरी लागणार नाही. म्हणजे मी घरून प्रयत्न करणार हे त्यांना आधीच माहीत होतं! आत फितुरी असल्याशिवाय हे शक्य नाही. शिवांजलीला सांगितलं. ती दप्तर भरत होती. म्हणाली, पप्पा, नऊ वाजले, आत्ता निघालात तरी पोहोचाल की. मी म्हणालो, आज तत्त्वाचा प्रश्न आहे. ती घाईघाईत गेली. तिला आजही खुर्ची नव्हती, तरी जाते. कुठे बसते कोण जाणे. जिन्यात बसत असेल.

अभ्यास: आठवड्याचा मिळून चार तास. त्यात वेळापत्रक करणं धरलं आहे.

२ मे, शुक्रवार

माहिती अधिकारात अर्ज टाकला. पाच प्रश्न. ४४७१ कोण? त्याला सतरा नंबर कोणाच्या आदेशाने मिळतो? रुमालाबाबत विद्यापीठाचं धोरण काय? पूर्वीच्या पद्धतीत रुमाल ग्राह्य धरला जात होता का? असल्यास कोणत्या ठरावाने रद्द केला?

अर्ज लिहायला तीन दिवस लागले. पण भाषा काय उतरली आहे! तहसीलदार झाल्यावर असंच लिहावं लागणार. म्हणजे हा अभ्यासच झाला. सव्वीस तास धरले.

राजरत्न सरांनी अर्ज दोनदा वाचला. म्हणाले, फौजी, तुम्हाला खुर्ची हवी आहे की ४४७१? मी म्हणालो, दोन्ही. ते म्हणाले, पेपर दीड महिन्यावर आलाय. धमकीच ही.

१२ मे, सोमवार

आज वेळेवर स्कॅन केलं. सतरा नंबर लाल आणि आकडे माझे. विजय. बसलो. पुस्तक उघडलं. अकरा मिनिटं झाली आणि लक्षात आलं की ४४७१ आज दिसत नाही. का दिसत नाही? कुठे गेला? बाहेर जाऊन स्क्रीन पाहिला. इतर खुर्च्यांवर नाही. वाचनालयाला चक्कर मारली. जिन्यात शिवांजली पायरीवर वही मांडीवर घेऊन बसलेली. म्हणाली, इथे वारं छान येतं. तिला ४४७१ चं सांगितलं, डोळे उघडे ठेव म्हणालो. तिने मान डोलावली आणि वहीत बघायला लागली. गणितं भलतीच बारीक अक्षरात होती.

मग टपरीवर जाऊन तासभर नजर ठेवली. ‘ब्रेक’ दाबायचं राहिलं. परत आलो तर ४४७१ बसून गेलेला. म्हणजे खुर्चीत माणूस नव्हता, पण बाटली होती.

तीच बाटली. स्टीलची, झाकणाला लाल दोरा. ओळखीची वाटते. असल्या बाटल्या फौजेच्या कँटीनमध्ये शेकड्याने मिळतात. म्हणजे ४४७१ फौजी आहे! आता सगळं जुळतंय. माझ्याच कोट्यातून परीक्षेला बसलेला कोणीतरी.

१९ मे, सोमवार

क्रांतीने पुन्हा टेबलाचा विषय काढला. आवं, तुमी तर दिसभर लायब्ररीत असता, मग टेबल कशाला अडवून ठेवलंय? मी म्हणालो, तिथे ४४७१ चा तक्ता चिकटवला आहे, हलवला तर क्रम बिघडेल. तिने तक्ता वरपासून खालपर्यंत बघितला. मग म्हणाली, पोरीला कशाला आडवताय पुण्याला? तुमाला बी तुमच्या आण्णांनी भरतीला जाताना आडवलं न्हवतं.

वडिलांचा हा मुद्दा गैरलागू आहे. तरी लिहून ठेवतो, कारण दुपारभर डोक्यातून गेला नाही.

३० मे, शुक्रवार

माहिती अधिकाराचं उत्तर आलं. दुसऱ्या वाचकाची वैयक्तिक माहिती देता येत नाही. अपेक्षितच होतं. मात्र न मागता माझीच माहिती जोडली आहे. बुकिंग: चव्वेचाळीस. वेळेत हजेरी: सात. खुर्चीवर बसल्याचा एकूण वेळ: तीन तास दहा मिनिटं. रुमालाबाबत धोरण: निरंक.

तीन तास दहा मिनिटं? माझ्या वहीत एकशे बारा आहेत. सरळ सरळ रेकॉर्डमध्ये फेरफार. बिरदेवला कागद दाखवला. त्याने वाचला, घडी केली आणि परत दिला. म्हणाला, फौजी, राग मानू नगा, पर तुमी हितं लय वेळ असता गड्या. ‘हितं’ म्हणजे टपरीवर.

गड्या म्हणाला मला. वयाचं भान नाही. संशयित दोन आता संशयित एक.

९ जून, सोमवार

पेपरला सहा दिवस. आता अभ्यासात बळ वाया घालवण्यापेक्षा मूळ अडथळा दूर करावा. ४४७१ ला रंगेहाथ पकडायचा. बेत: गुरुवारी सतरावर रुमाल टाकायचा, चहाला गेल्यासारखं करायचं आणि मागच्या दाराने येऊन वर्तमानपत्रं लावायच्या उंच लाकडी घोडीमागे उभं राहायचं. बिरदेवला टपरीवर माझ्या टोपीसह बसवायचं, म्हणजे लांबून मीच वाटेन. तो तयार झाला. म्हणाला, चहा तुमच्याकडनं.

१२ जून, गुरुवार. दुपारी

९.१६ ला ४४७१ आला.

आली.

जिन्यातून आली. स्क्रीन बघितला. सतराजवळ येऊन रुमाल उचलला, झटकला, चौकोनी घडी केली आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवला. स्टीलची बाटली टेबलावर. झाकणाला लाल दोरा मीच बांधला होता, शाळेत हरवू नये म्हणून. कोड स्कॅन केला. पुस्तक उघडलं.

मी घोडीमागे उभा. आत्ता पुढे जाऊन पकडायचं असं ठरलेलं. पाय उचलला नाही. ९.२० ला बसली ती १२.५५ ला उठली. पाणी प्यायली तेवढंच. मोबाइल नाही, इकडेतिकडे बघणं नाही. सतरा वर्षांत इतकं न हलता ड्यूटी करणारा संत्री मी पाहिला नाही. मी मात्र तीनदा पाय बदलले. एकदा पेपर वाचतोय असं दाखवायला पान उलटलं, त्यावर शेतीच्या जाहिराती होत्या.

राजरत्न सर जवळून गेले. त्यांनी मला पाहिलं. थांबले आणि हळू आवाजात म्हणाले, ती तुमच्या बुकिंगच्या वेळेत कधीच बसली नाही. एक मिनिटसुद्धा.

लिहायला बसलोय म्हणून लिहितो, मला स्वतःची लाज वाटली. सकाळी सहाला माझी खुर्ची बुक करायची, त्यात स्वतःची घालवायची, सव्वानऊपर्यंत जिन्यात थांबायचं आणि संध्याकाळी माझ्या रुमालाला इस्त्री करायची. आणि मी तिला सांगत होतो, डोळे उघडे ठेव.

बिरदेवकडून टोपी घेतली. त्याने कोण सापडलं ते विचारलं. मी म्हणालो, तांत्रिक बिघाड होता.

१२ जून, संध्याकाळी

टेबल रिकामं केलं. तक्ता काढला. क्रांतीला सांगितलं, नकाशे वरच्या कपाटात जास्त सुरक्षित राहतील. शिवांजलीने टेबलावर वह्या मांडल्या आणि हात फिरवून बघितला.

१५ जून, रविवार. सांगली

केंद्र सांगलीत. पहाटेची गाडी. स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून सीट धरली, हात अजून शाबूत आहे. शुभशकुन.

साडेनऊला केंद्रावर. वर्ग सापडला, बाक सापडला, बैठक क्रमांक खडूने लिहिलेला. सगळं व्यवस्थित. बाकावर रुमाल टाकला आणि चहाला बाहेर आलो. टपरीवर मिरजेचा एक माजी सैनिक भेटला. आमच्याच बाजूच्या युनिटचा निघाला. स्टोअरचाच.

साडेदहाला गेट बंद झालं. मी १०.३४ ला गेटवर. हवालदार तरुण होता. म्हणाला, काका, न्हाई सोडता येत, नियम हाय. मी त्याला सांगितलं की माझा रुमाल आत आहे. तो म्हणाला, मग रुमालच देईल की पेपर.

गेटवरून वर्गाच्या खिडकीतून बाक दिसत होता. रुमालावर कोणी बसलं नाही. कायदा अजून पाळतात लोक.

१६ जून, सोमवार

घरी विचारलं, कसा गेला. म्हणालो, पेपर लांबून बघता सोपा वाटला. हे खोटं नाही.

वयाची सवलत संपली. हे वाक्य लिहायला दहा मिनिटं लागली.

१८ जुलै, शुक्रवार

शिवांजलीचा निकाल. यादीत अकरावी. पुण्यात प्रवेश मिळतोय. तिने फोन पुढे केला. क्रांती भाकरी थापायची थांबली. दोघींना माझं एप्रिलमधलं वाक्य आठवत असणार.

म्हणालो, जा.

कारण नीट विचार केलेला आहे. ४४७१ सातारा सोडून गेला की सतरा नंबर कायमचा माझा. शत्रूला मोठी पोस्टिंग देऊन लांब पाठवणं हीसुद्धा स्ट्रॅटेजी आहे. हे अर्थातच तिला बोललो नाही. ती पाया पडायला वाकली तेव्हा मला पटकन नळ बंद करायला जायचं होतं. नळ बंदच होता.

१ ऑगस्ट, शुक्रवार

सातारा स्टँड. पुण्याची गाडी लागत होती, गर्दी भरपूर. दोघींना म्हणालो, बॅगांपाशी थांबा, आता बघा. गाडीबरोबर पळालो. गुडघा बोलला, पण रुमाल खिडकीतून बरोबर सीटवर टाकला. दम लागला. वळून म्हणालो, पोरी, बस जाऊन, सीट धरली.

कंडक्टर म्हणाला, आवं, ती रिझर्व्ह हाय. ऑनलाइन.

मी म्हणालो, रुमाल पडलाय. वाद घालणार होतो. शिवांजली म्हणाली, पप्पा, ती माझीच आहे. परवाच बुक केली. फोन दाखवला. सीट नंबर सतरा. म्हणाली, दुसरा नंबर घ्यायला बोट जाईना.

गाडी सुटली. खिडकीत बसून तिने रुमाल उचलला, झटकला, चौकोनी घडी केली आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यात ठेवला. मी परत मागितला नाही. क्रांती म्हणाली, चला आता. मी म्हणालो, थांब, गाडी वळू दे.

४ ऑगस्ट, सोमवार

पाच पंचावन्नला उठलो. बटण स्वतः दाबलं. पहिल्या झटक्यात सापडलं. सतरा नंबर, माझ्या नावावर.

परीक्षा कोणतीच नाही. पण जागा सोडायची नाही.

८.५० ला पोहोचलो. आज चहाला गेलो नाही. स्कॅनही केलं नाही. स्क्रीनसमोर उभा राहिलो. राजरत्न सरांनी आतून खुर्ची आणून दिली.

९.१६ ला सतरा हिरवा झाला.

दहा वाजेपर्यंत हिरवाच होता.